सी. डिफ आधी काय खातो? एनएमआरच्या बंद नळीतला एक तपास

अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करून घरी गेलेला वयस्कर रुग्ण आठवड्याभरात पाण्यासारख्या जुलाबांनी बेजार होऊन परत येतो, तेव्हा डॉक्टरांना ज्या जंतूची शंका आधी येते तो म्हणजे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. वॉर्डातल्या भाषेत सी. डिफ. १९३५ मध्ये तो नवजात बाळांच्या शौचात पहिल्यांदा सापडला. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या आतड्याच्या दाहाशी त्याचं नातं पक्कं व्हायला मात्र १९७८ साल उजाडलं. तेव्हापासून त्याच्या विषांवर भरपूर काम झालं. तो जगतो कशावर, हा प्रश्न त्यामानाने मागे राहिला.

खरं तर हाच प्रश्न आधी विचारायला हवा होता. सी. डिफ विष बनवतो ते खाणं संपत आल्यावर. ग्लुकोज आणि प्रोलिन, ल्युसिनसारखी अमिनो आम्लं हाताशी आहेत तोवर विषाची जनुकं दाबलेली राहतात. ती संपू लागली की दाब सुटतो आणि आतड्याच्या पेशी फोडून नवं अन्न मिळवायचा उद्योग सुरू होतो. म्हणजे रुग्णाचा आजार कधी आणि किती वाढणार, याचं निम्मं उत्तर जंतूच्या चयापचयात आहे.

या प्रकरणात ज्या तपासाबद्दल लिहितो आहे तो बॉस्टनचा. ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या लिन ब्राय यांचा गट, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले एनएमआरतज्ज्ञ (एनएमआर म्हणजे चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्रकांच्या संकेतांवरून रेणू ओळखायचं तंत्र) लिओ चेंग, आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले सहकारी यांनी मिळून तो केला. एडन पावाओ पहिले लेखक असलेला त्यांचा निबंध २०२३ मध्ये नेचर केमिकल बायोलॉजीत आला.

अडचण समजून घेतल्याशिवाय या कामाची गंमत कळत नाही. सी. डिफ हा कट्टर विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजन न सोसणारा जीवाणू. त्याला वाढवायचं तर हातमोजे बसवलेली बंद पेटी लागते. आत नायट्रोजन, थोडा हायड्रोजन, थोडा कार्बन डायऑक्साइड. चुकून शिरलेला ऑक्सिजन हायड्रोजनशी जोडून त्याचं पाणी करायला पॅलेडियमचा उत्प्रेरक. माध्यमात रेझाझुरिन टाकलेलं असेल तर ऑक्सिजनचा जरा वास लागताच ते गुलाबी होतं, आणि तो गुलाबी रंग दिसला की बाटली बाद. आता अशा जिवंत वाढीतून दर तासाला नमुना काढायचा, तो गोठवायचा, पेशी फोडायच्या, आतली संयुगं मोजायची. त्या प्रत्येक पायरीवर गोंधळ होऊ शकतो. विनॉक्सी चयापचयाचा कणा म्हणजे लोह-गंधकाची केंद्रं असलेली विकरं, आणि ऑक्सिजनशी गाठ पडताच ती मोडतात. ॲसिटेट, ब्युटिरेट, आयसोव्हॅलेरेट ही आम्लं उडून जाणारी. शिवाय दर वेळी वेगळी बाटली मारून मोजायची म्हटलं की एकाच वाढीची गोष्ट सलग कळत नाहीच. वेगवेगळ्या बाटल्यांच्या सरासरीतून ती जुळवावी लागते. बहुतेक जुन्या अभ्यासांत म्हणूनच शेवटचं चित्र मिळतं: इतकं ग्लुकोज गेलं, इतकं ॲसिटेट झालं. मधल्या काळात काय आधी झालं आणि काय नंतर, यावर पडदाच.

एनएमआर हा पडदा बाजूला करतो, कारण त्यात काही काढायचं, फोडायचं नसतं. चुंबकात नळी ठेवायची आणि केंद्रकांचा आवाज ऐकायचा. ही कल्पना जुनी आहे. १९७७-७८ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये रॉबर्ट शुलमन यांच्या गटाने फॉस्फरस-३१ आणि कार्बन-१३ वापरून जिवंत ई. कोलायमधलं ग्लुकोजविघटन पाहिलं होतं, तेही ऑक्सिजन असताना आणि नसताना, दोन्ही तऱ्हांनी. त्या लेखकांतले सेइजी ओगावा आणि कामिल उगुरबिल पुढे मेंदूच्या कार्यदर्शी एमआरआयचे आद्य संशोधक म्हणून गाजले. आज मेंदूचे रंगीत नकाशे पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की त्यातली काही मंडळी ई. कोलायच्या दाट गाळावर तयार झाली होती!

पण गाळ दाट असणं हीच त्या जुन्या प्रयोगांची मर्यादा होती. एनएमआरला कमी ऐकू येतं. कार्बनमध्ये एनएमआरला दिसणारा समस्थानिक म्हणजे कार्बन-१३, आणि निसर्गात तो जेमतेम १.१ टक्का. त्यात त्याचं चुंबकीय बळ हायड्रोजनच्या पाव. म्हणून जंतू प्रचंड संख्येने कोंबावे लागत आणि अशी भुकेलेली, न वाढणारी गर्दी आतड्यात वाढणाऱ्या वसाहतीसारखी वागेलच असं नाही. बॉस्टनच्या गटाला पाहायची होती ती वाढ: मूठभर पेशींपासून सुरुवात, भरभराट, मग अन्न संपून थांबणं.

त्यांनी दोन गोष्टी एकत्र आणल्या. पहिली, अन्नच खुणेचं द्यायचं. ज्याचे सगळे कार्बन १३ वजनाचे आहेत असं ग्लुकोज, तसंच प्रोलिन, तसंच ल्युसिन, एका वेळी एक. खुणेच्या रेणूचा आवाज जवळपास नव्वदपट वाढतो आणि पार्श्वभूमी गप्प राहते, कारण बाकीच्या माध्यमातला कार्बन-१३ नगण्य. दुसरी, नेहमीची उभी नळी सोडून फिरती नळी वापरायची. पेशी, त्यांच्याभोवतीचं पाणी, मधेच तयार होणारे वायूचे बुडबुडे यांची चुंबकीय प्रकृती वेगवेगळी असल्याने साध्या नळीत वर्णपटातली शिखरं, म्हणजे एकेका अणूच्या आवाजाच्या टोकदार रेघा, पसरट होतात, एकमेकांत मिसळतात. नमुना चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांच्या कोनात कलवून जोरात फिरवला की हा पसरटपणा गणिताने शून्यावर येतो. या कोनाला जादूई कोन म्हणतात. जादू काही नाही, कोनाच्या कोसाइनच्या वर्गाची तिप्पट बरोबर एक भरते इतकंच.

लिओ चेंग यांचा हातखंडा हाच. या तंत्राने कर्करोगाच्या गाठीचे अख्खे तुकडे ते वर्षानुवर्षं तपासत आले आहेत. तुकड्याच्या जागी जंतूंची जिवंत वाढ ठेवायची ही या प्रकरणातली खरी उडी. आणि विनॉक्सी जंतूच्या बाबतीत फिरत्या नळीचा एक फायदा आपसूक मिळतो: ती तशीही घट्ट बंदच करावी लागते. हातमोज्यांच्या पेटीत भरायची, तिथेच झाकण ठोकायचं, आणि ३७ अंश तापमानाच्या चुंबकात सोडून द्यायची. त्या काही मायक्रोलिटरच्या जागेत ऑक्सिजन शिरायला फटच नाही.

आता इथे कुणालाही पडेल तो प्रश्न मलाही पडला. इतक्या वेगाने गरगर फिरणाऱ्या नळीत जंतू जगतो कसा? साधं गणित करू. सेकंदाला ३६०० फेरे, जे या तंत्रात सर्रास वापरतात, आणि नळीच्या आतली त्रिज्या दीड मिलिमीटर धरली तर भिंतीपाशी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ७८,००० पट जोर येतो. माणसाच्या पेशीचा चेंदामेंदा होऊ शकतो. जीवाणू मात्र लहान आणि टणक. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की ई. कोलाय आणि पॅराकॉकस डिनायट्रिफिकन्स हे चार लाख पट गुरुत्वाकर्षणातही वाढत राहतात. तेव्हा सी. डिफ फिरत्या नळीत वाढतो यात अचंबा नाही. तो तिथे नेहमीसारखाच वागतो का, हे मात्र वेगळं. भिंतीला चिकटून थर होतो, अन्न पोचायची वाट बदलते. नळीतल्या वाढीचा वेग बाहेरच्या वाढीशी ताडून पाहणं म्हणूनच आवश्यक ठरतं, आणि असा प्रयोग वाचताना मी सर्वांत आधी तेच शोधतो.

मग चुंबकाने काय सांगितलं? वर्णपट हा एकावर एक रचलेल्या रेघोट्यांचा ढीग असतो, तळाला सुरुवातीची वेळ, वर सरकावं तशी पुढची. ग्लुकोज दिलेल्या नळीत सुरुवातीला ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनची दोन शिखरं ठळक दिसतात, ९३ आणि ९७ पीपीएमच्या (वर्णपटातली शिखराची जागा मोजायचं एकक) आसपास, कारण पाण्यात ग्लुकोज दोन रूपांत असतं. ती खचू लागतात तशी इतर शिखरं डोकं वर काढतात: २४ ला ॲसिटेटचा मिथिल, १७ आणि ५८ ला इथेनॉल, २१ ला लॅक्टेट, ब्युटिरेटची वेगळी माळ. आणि यात ॲलनिन. मिथिल १७ च्या जवळ, मधला कार्बन ५१-५२ ला. किण्वन म्हटलं की डोळ्यांसमोर आम्लं आणि मद्यार्क येतात. ॲलनिन हे अमिनो आम्ल, ते पेशीच्या बांधणीसाठी लागतं. त्याचं शिखर इतकं ठसठशीत का, हा प्रश्न इथेच उभा राहिला.

त्याआधी अमिनो आम्लांचं किण्वन. १९३४ मध्ये केंब्रिजमध्ये लिओनार्ड स्टिकलंड यांनी क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनिसमध्ये पाहिलं की हे जंतू अमिनो आम्लं जोडीने खातात. एकातून इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे, दुसऱ्यावर टाकायचे. हवेत जगणाऱ्या जिवांचे इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजन घेतो. ऑक्सिजन नसला की कुणी तरी दुसरा घेणारा हवाच, नाहीतर सगळं तुंबतं. ल्युसिन या बाबतीत दुतोंडी आहे: ते देणाराही होतं आणि घेणाराही. देणारा झाला की आयसोव्हॅलेरेट, कार्बन डायऑक्साइड आणि ऊर्जा मिळते, सोबत चार इलेक्ट्रॉन सुटतात. घेणारा झाला की आयसोकॅप्रोएट बनतं आणि दोन इलेक्ट्रॉन खपतात. हिशोब सरळ: एक ल्युसिन जाळायचं तर दोन ल्युसिन इलेक्ट्रॉन रिचवायला हवेत. प्रोलिन मात्र केवळ घेणारं. त्याचं वलय फुटून ५-अमिनोव्हॅलेरेट होतं, आणि हे करणाऱ्या विकराला सेलेनियम लागतं.

जुन्या, शेवटच्या मोजमापांत आयसोव्हॅलेरेट आणि आयसोकॅप्रोएट दोन्ही सापडत होते. फिरत्या नळीने त्यांचा क्रम दाखवला. आधी प्रोलिनकडे मोर्चा, त्या काळात ल्युसिन मुख्यतः देणाऱ्याच्या भूमिकेत, म्हणजे आयसोव्हॅलेरेट पुढे. स्वस्तातले घेणारे आटले की ल्युसिनचा दुसरा चेहरा पुढे येतो आणि आयसोकॅप्रोएटचं शिखर चढू लागतं. ऊर्जा काढणारा मार्ग आणि त्याला टेकू देणारा इलेक्ट्रॉन खपवणारा मार्ग, दोन्ही टप्प्याटप्प्याने बदलत जातात. एकाच जिवंत वाढीत, एकाच नळीत हे दिसलं, ही या प्रकरणातली पहिली कमाई.

दुसरी कमाई मला जास्त मोलाची वाटते. एनएमआरला जे दिसतं ते ठळक तेवढंच. पेशीचं ऊर्जेचं चलन एटीपी, इलेक्ट्रॉन वाहणारं फेरेडॉक्सिन, पेशीतला अमोनियाचा प्रवास, शेकडो प्रक्रियांतून किती माल वाहतो, यातलं काहीही वर्णपटात थेट येत नाही. त्यासाठी त्यांनी जंतूच्या संपूर्ण जनुकसंचावरून रचलेलं चयापचयाचं गणिती प्रारूप घेतलं. अशा प्रारूपात प्रत्येक प्रक्रिया म्हणजे एक समीकरण. अट एकच: जे आत येतं ते कुठे तरी गेलंच पाहिजे. समीकरणं कमी आणि अज्ञात जास्त, त्यामुळे उत्तरं असंख्य. नेमका इथे एनएमआरचा उपयोग झाला. शिखरांच्या चढउतारांवरून कोणत्या क्षणी कोणतं अन्न किती वेगाने गेलं आणि कोणता पदार्थ किती वेगाने बाहेर आला, हे आकडे प्रारूपाला बंधन म्हणून घातले आणि वेळेच्या प्रत्येक टप्प्यावर ते पुन्हा सोडवलं.

हे करताना एक खाचखळगा आहे, तो सांगायला हवा. कार्बनच्या शिखराची उंची म्हणजे थेट प्रमाण नव्हे. हायड्रोजन लगडलेला कार्बन जास्त ओरडतो, हायड्रोजन नसलेला कार्बोक्झिल कुजबुजतो, प्रत्येकाचा विसावण्याचा, म्हणजे ढवळल्यावर मूळ स्थितीत परतण्याचा, काळ निराळा. माहीत असलेल्या प्रमाणांशी जुळवून घेतल्याशिवाय शिखरांवरून मिलिमोल काढायला गेलं तर प्रारूप चुकीच्या आकड्यांवरही तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देतं.

प्रारूपाने बोट ठेवलं ते ॲलनिनवर. ग्लुकोज मोडून पायरुव्हेट होतं. अमिनो आम्लं मोडताना त्यांचा अमिनो गट ग्लुटामेटमार्फत मोकळा होतो आणि हा नायट्रोजन कुठे तरी ठेवणं भाग असतं. पायरुव्हेटवर तो चढवला की ॲलनिन. म्हणजे साखरेची वाट आणि अमिनो आम्लांची वाट इथे येऊन मिळतात: कार्बन ग्लुकोजचा, नायट्रोजन ल्युसिनसारख्याचा. पेशीभित्तीसाठी ॲलनिन लागतंच, त्यामुळे उरलेल्या नायट्रोजनची सोयही होते आणि बांधणीचा मालही तयार होतो. सुंदर उत्तर. पण प्रारूपाचं सुंदर उत्तर आणि जंतूचं खरं वागणं यांत पुष्कळदा अंतर असतं, म्हणून लेखक तिथे थांबले नाहीत.

त्यांनी एकाच नळीत दोन खुणा घातल्या. ग्लुकोजचा कार्बन १३ वजनाचा, ल्युसिनचा नायट्रोजन १५ वजनाचा. प्रारूप खरं असेल तर काही ॲलनिनमध्ये दोन्ही खुणा एकाच रेणूत, शेजारी शेजारी सापडायला हव्यात. नायट्रोजन-१५ थेट ऐकायला जाणं म्हणजे वेळेचा अपव्यय. त्याचं चुंबकीय बळ हायड्रोजनच्या जेमतेम एक दशांश. म्हणून त्याला ऐकलंच नाही. त्याच्या शेजाऱ्याला विचारलं.

ॲलनिनचा मधला कार्बन दोन्ही बाजूंनी कार्बन-१३ ने वेढलेला असेल तर त्याचं शिखर आधीच चार रेघांत फुटलेलं असतं: कार्बोक्झिलमुळे सुमारे ५४ हर्ट्झ, मिथिलमुळे सुमारे ३५ हर्ट्झ. नेहमीचा नायट्रोजन-१४ त्याला जोडलेला असला तर आणखी फूट दिसत नाही, कारण तो केंद्रक इतक्या झपाट्याने दिशा बदलतो की त्याचा परिणाम पुसला जातो. त्याच्या जागी नायट्रोजन-१५ असेल तर चारांतली प्रत्येक रेघ मोजक्या हर्ट्झने पुन्हा दुभंगते. दोन्ही तऱ्हेचे रेणू मिसळलेले असतील तर मधे एक रेघ आणि तिच्या दोन बाजूंना दोन खांदे असा आकार येतो, आणि खांदे आणि मध यांच्या प्रमाणावरून किती ॲलनिनला ल्युसिनचा नायट्रोजन मिळाला याचा अदमास घेता येतो. शिखरं अणकुचीदार असतील तरच हे जमतं, म्हणजे जादूई कोनात फिरवल्याचं चीज इथे झालं. दोन्ही खुणांचं ॲलनिन सापडलं. प्रारूपाचा अंदाज जंतूने खरा केला.

शास्त्रात प्रारूपांचा सुळसुळाट आहे आणि बहुतेकांची परीक्षा ज्या आकड्यांवर ती बेतली त्याच आकड्यांवर घेतली जाते. इथे मोजमापातून प्रारूप, प्रारूपातून नवं भाकीत, आणि त्या भाकितासाठी मुद्दाम घडवलेला वेगळा प्रयोग असा पूर्ण फेरा झाला. माझ्या मते विनॉक्सी चयापचयावर काम करणाऱ्या कुणीही या निबंधातून उचलावी ती हीच गोष्ट. महागडी फिरती नळी नसली तरी चालेल.

रुग्णाला याचा काय उपयोग, असं विचारणाऱ्यांसाठी याच ब्राय गटाचं आधीचं काम, २०२१ सालचं. जंतुविरहित उंदरांत त्यांनी सी. डिफबरोबर एकेक शेजारी सोडला. पॅराक्लॉस्ट्रिडियम बायफरमेंटन्स हा स्वतः स्टिकलंड पद्धतीने अमिनो आम्लं खाणारा. तो असताना सी. डिफला खाणं पुरेना आणि उंदीर वाचले. क्लॉस्ट्रिडियम सार्डिनिएन्स असताना उलट झालं, अमिनो आम्लांचा पुरवठा वाढला आणि आजार बळावला. दोघेही क्लॉस्ट्रिडियाच, दोघेही विनॉक्सी, फरक खाण्याचा. सी. डिफ कशावर कधी तुटून पडतो हे ठाऊक असेल तर कोणता शेजारी त्याचं ताट पळवेल, हे अंधारात न चाचपडता निवडता येईल. अँटिबायोटिकने आतडं रिकामं केल्यावर तिथे मोकळ्या अमिनो आम्लांची चंगळ असते, ती सी. डिफच्या आधी कुणी तरी फस्त करायला हवी.

विनॉक्सी जंतूंच्या या रासायनिक खुणा माणसाच्या शरीरात थेटही ऐकता येतात, आणि त्यात आपल्याकडचं काम पुढे आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या राकेश गुप्ता यांच्या गटाने मेंदूतल्या गळवांचा एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे एमआरआय स्कॅनरमधल्या एनएमआरने, अभ्यास केला. २००४ मधला त्यांचा रेडिओलॉजी या नियतकालिकातला निबंध यासाठी मुद्दाम पाहावा. इथे आवाज कार्बनचा नव्हे, हायड्रोजनचा, म्हणून आकडे वेगळे: गळवाच्या पोकळीत ०.९ पीपीएमला अमिनो आम्लं दिसली तर तो पू, गाठ नव्हे. त्यासोबत १.९२ ला ॲसिटेट आणि २.४ ला सक्सिनेट असेल तर विनॉक्सी जंतूंचा संशय बळकट होतो. क्षयाच्या गळवात अमिनो आम्लं नसतात, मेद आणि लॅक्टेट दिसतात. जंतू वाढवून ओळखायला दिवस लागतात, विनॉक्सी असेल तर वाढेल याचीही खात्री नाही. स्कॅनरमधली ही काही मिनिटं तोवर औषध निवडायला मदत करतात. तिथे खुणेचं अन्न नसतं, फिरती नळी नसते, क्रमही कळत नाही. दिसतं ते एका क्षणाचं उरलंसुरलं. तरी रसायन तेच.

नळीतल्या प्रयोगापुढचा सरळ पेच दोन जंतूंचा आहे. सी. डिफ आणि बायफरमेंटन्स एकाच फिरत्या नळीत वाढवले तर वर्णपटात दिसणारं आयसोव्हॅलेरेट कुणाचं? शिखरावर मालकाचं नाव नसतं. दोघेही ल्युसिन खातात, दोघेही तेच पदार्थ सोडतात. जे अन्न दोघांपैकी एकच जण खातो त्याला खूण करणं हा एक मार्ग. एखादं विकर बंद पाडलेला सी. डिफ वापरून त्याच्या वाट्याची रेघ वर्णपटातून गायब करणं हा दुसरा, आणि मला तरी तोच जास्त भरवशाचा वाटतो.